अ‍ॅनिमेशन लघुपट महोत्सवांच्या फेरीवर पाठवताना

शेवटचे रेंडर पूर्ण होते, ध्वनिमिश्रण बसते आणि दोन-तीन वर्षे उराशी बाळगलेला आठ-दहा मिनिटांचा चित्रपट एका फाइलच्या रूपाने संगणकावर येतो, त्या रात्री तो यूट्यूबवर चढवून मोकळे व्हावे असे कोणालाही वाटते. तसे करू नये. बऱ्याच महोत्सवांना आंतरजालावर आधीच खुला झालेला चित्रपट स्पर्धेत नको असतो. ऑस्करच्या लघुपट विभागाचा नियम तर अगदी स्पष्ट आहे: पात्रता मिळण्याआधी चित्रपट दूरचित्रवाणीवर किंवा आंतरजालावर जाहीरपणे दाखवला गेला असेल, तर तो बाद होतो. समाजमाध्यमांवर पंधरा-वीस सेकंदांची झलक, पात्रांची कच्ची रेखाटने किंवा एखाद्या चौकटीची घडण दाखवायला सहसा कोणाची हरकत नसते. संपूर्ण चित्रपट मात्र कुलपात राहू द्यावा. चित्रपटाचा पहिला जाहीर खेळ एकदाच होतो. तो कोठे करायचा हे ठरवण्याचा अधिकार तुमच्या हाती असतो, तोवरच त्याला मोल असते, आणि पुढचे सारे नियोजन याच गोष्टीभोवती फिरते.

पैशांचा विचारही तेव्हाच, किंबहुना त्याच्याही आधी, झालेला असावा. स्वतंत्रपणे काम करणारे अ‍ॅनिमेटर हातातले सगळे पैसे चित्रांवर आणि संगीतावर खर्च करून बसतात आणि महोत्सवांची वेळ येते तेव्हा खिसा रिकामा असतो. प्रवेशशुल्क, डीसीपी (चित्रपटगृहात चालणारी डिजिटल प्रत), सबटायटलांचे भाषांतर आणि जमल्यास एखादा प्रवास, एवढी ओळ निर्मितीच्या अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी लिहावी. रक्कम लहान असली तरी हरकत नाही. ती ठरलेली असली, की कोठे थांबायचे हेही ठरलेले असते.

तारखांचा हिशेब

बहुतेक महोत्सव मागच्या एक-दोन वर्षांत पूर्ण झालेलेच चित्रपट घेतात, त्यामुळे लघुपटाचे फेरीतले आयुष्य साधारण दोन वर्षांचे धरावे. हे घड्याळ चित्रपट पूर्ण झाल्याच्या तारखेपासून चालू होते. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने काम उरकून श्रेयनामावलीखाली ते वर्ष लिहिण्यात शहाणपण नाही. जानेवारी उजाडताच चित्रपट गेल्या वर्षीचा ठरतो. पार्श्वध्वनीत दुरुस्ती हवी आहे असे मनात असेलच, तर ती शांतपणे करावी आणि चित्रपट खरोखर जानेवारीत पूर्ण करावा.

अ‍ॅनिमेशनच्या जगात वर्षाचा मुख्य टप्पा म्हणजे जून. फ्रान्समधल्या आन्सी या तळ्याकाठच्या गावात १९६० पासून भरणारा महोत्सव या क्षेत्रातला सर्वांत मोठा मानला जातो, आणि त्याच्या जोडीला १९८५ पासून मिफा नावाचा व्यावसायिक बाजारही भरतो. क्रोएशियातला झाग्रेबचा महोत्सव १९७२ चा, कॅनडातला ओटावाचा १९७६ चा आणि जर्मनीतला श्टुटगार्टचा १९८२ चा. श्टुटगार्टचा वसंतात येतो, झाग्रेबचा जूनच्या आसपास आणि ओटावाचा सप्टेंबरात. फ्रान्समध्येच क्लेरमाँ-फेराँ येथे जानेवारीच्या अखेरीस सुरू होणारा महोत्सव केवळ अ‍ॅनिमेशनचा नाही, तो सर्व प्रकारच्या लघुपटांचा आहे. पण लघुपट विकत घेणारे आणि निवडणारे लोक तिथे जितके एकत्र भेटतात तितके क्वचितच कोठे भेटत असतील.

प्रवेशिका महोत्सवाच्या साधारण चार ते सहा महिने आधी बंद होतात, असे गृहीत धरून उलटी मोजणी करावी. दिवाळीच्या सुमारास चित्रपट हाती आला, तर आन्सी, झाग्रेब आणि श्टुटगार्ट तिन्ही आवाक्यात असतात. तोच चित्रपट जूनमध्ये पूर्ण झाला, तर त्या वर्षीचा युरोपातला मुख्य मोसम हातून गेलेला असतो आणि पुढच्या जानेवारीतल्या क्लेरमाँ-फेराँकडे पाहून सुरुवात करणे सोयीचे पडते. नेमक्या तारखा दर वर्षी बदलतात, म्हणून त्या महोत्सवाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात; कोणीतरी काही वर्षांपूर्वी बनवलेल्या याद्यांवर विसंबू नये. हिरोशिमाचा १९८५ मध्ये सुरू झालेला नामांकित महोत्सव त्या जुन्या रूपात २०२० नंतर बंद झाला, तरी कित्येक याद्यांमध्ये तो अजून ठाण मांडून बसलेला दिसतो.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. मुंबईचा मिफ, म्हणजे माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, १९९० मध्ये सुरू झाला आणि तो दोन वर्षांतून एकदा भरतो. पूर्वी तो फिल्म्स डिव्हिजन भरवत असे. आता ती संस्था एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली आहे. त्याची अठरावी आवृत्ती जून २०२४ मध्ये झाली. दोन वर्षांच्या आयुष्यात मिफ एकदाच वाट्याला येतो, त्यामुळे त्याची तारीख वेगळ्या रंगाने नोंदवून ठेवावी. तिरुवनंतपुरमला केरळ चलच्चित्र अकादमी भरवत असलेला माहितीपट आणि लघुपटांचा महोत्सव प्रेक्षकांसाठी जावा असा आहे. तिथे लघुपटाला सभागृह भरते, हे सुख प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. पुण्याचा पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सहसा जानेवारीत असतो आणि विद्यार्थ्यांच्या अ‍ॅनिमेशनला त्यात स्वतंत्र स्थान मिळालेले आहे. तुम्ही अजून शिकत असाल किंवा चित्रपट पदवीसाठी केलेला असेल, तर जगभर विद्यार्थी विभागातूनच प्रवेश घ्यावा. त्यात कमीपणा नाही, आणि हा दरवाजा पदवी मिळाली की बंद होतो.

पहिला खेळ कोणाला द्यायचा

मोठ्या सर्वसाधारण महोत्सवांना पहिल्या खेळाचा आग्रह असतो. व्हेनिसच्या लघुपट स्पर्धेला जगातला पहिला खेळ हवा असतो आणि लांबी २० मिनिटांच्या आत लागते. कानच्या लघुपट स्पर्धेची मर्यादा १५ मिनिटांची आहे, तर बर्लिनची ३०. निव्वळ अ‍ॅनिमेशनचे महोत्सव या बाबतीत बरेच उदार असतात आणि एकाच मोसमात एक चित्रपट त्यांच्यातल्या चार ठिकाणी फिरलेला सहज दिसतो. म्हणून क्रम असा लावावा: चित्रपट सर्वसाधारण मोठ्या महोत्सवात शोभेल असे खरोखर वाटत असेल, तर एका मोसमापुरता तो तिथे पाठवावा, उत्तर येईपर्यंत लहान ठिकाणचे होकार थोपवावेत, आणि नकार आला की लगेच अ‍ॅनिमेशनच्या फेरीत सोडावा. कानची वाट पाहत वर्षभर बसून राहिल्याने इतर पाच-सहा मुदती टळून जातात आणि चित्रपट शिळा होतो.

अ‍ॅनिमेशनला मोठे दरवाजे बंद असतात, असे मात्र मानू नये. गीतांजली राव यांनी जवळजवळ एकहाती रंगवलेला ‘प्रिंटेड रेनबो’ हा पंधरा मिनिटांचा चित्रपट २००६ मध्ये कानच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला आणि तिथे त्याला तीन पुरस्कार मिळाले. समीक्षक सप्ताह ही मुख्य स्पर्धेहून वेगळी, समांतर निवड आहे. मोठ्या महोत्सवाच्या नावाखाली असे दोन-तीन वेगवेगळे विभाग असतात, त्यांचे निवडकर्ते वेगळे असतात आणि कधी कधी प्रवेशिकाही वेगळी भरावी लागते. नव्या माणसाला हे माहीत नसते आणि तो मुख्य दारावरच टकटक करून परततो.

याबाबतीत एक ठेच मी स्वतः खाल्ली आहे. माझ्या पहिल्या लघुपटाला एका लहान महोत्सवाने घेतले, त्यांनी आठवडाभर आंतरजालावरही खेळ ठेवू का असे विचारले, आणि आनंदाच्या भरात मी हो म्हणून टाकले. तो खेळ एका देशापुरता मर्यादित ठेवलेला नव्हता, हे मला दोन महिन्यांनी कळले, जेव्हा दुसऱ्या, बऱ्याच मोठ्या महोत्सवाच्या पत्रात ‘हा चित्रपट यापूर्वी खुलेपणाने उपलब्ध होता का’ असा प्रश्न आला. खरे उत्तर दिले. चित्रपट स्पर्धेतून बाहेर गेला. तेव्हापासून आंतरजालावरच्या खेळाला होकार देताना मी तीन गोष्टी लेखी मागतो: तो कोणत्या देशापुरता आहे, किती दिवस आहे आणि जास्तीत जास्त किती प्रेक्षकांना तिकीट दिले जाईल.

शुल्क, सवलत आणि बनावट महोत्सव

बहुतेक प्रवेशिका आता फिल्मफ्रीवे, शॉर्टफिल्मडेपो किंवा फेस्टहोम यांसारख्या संकेतस्थळांवरून भरल्या जातात. एकदा सगळी माहिती भरून ठेवली, की एका बटणाच्या दाबाने चित्रपट पाठवता येतो, आणि नेमका हाच त्यातला धोका आहे. रात्री उशिरा, नकाराचे पत्र वाचल्यावर, माणूस दहा ठिकाणी पैसे भरून मोकळा होतो. डॉलरमधल्या शुल्कावर बँक विनिमयाचा अधिभार आणि वर कर लावते, तोही हिशेबात धरावा. माझा नियम साधा आहे: ज्या महोत्सवाच्या मागच्या दोन वर्षांच्या निवडीतले निदान तीन चित्रपट मी पाहिलेले नाहीत, तिथे मी पैसे भरत नाही. चित्रपट पाहिले म्हणजे त्या निवडकर्त्यांची आवड कळते. आपला चित्रपट त्या रांगेत बसेल का, हेही कळते.

काही महोत्सव शुल्क घेतच नाहीत, आणि जे घेतात त्यांपैकी बरेचसे मागितल्यास सवलत देतात. भीड ही भिकेची बहीण आहे, हे इथे लक्षात ठेवावे. पत्र चार-पाच वाक्यांचे असावे: चित्रपट काय आहे, तुम्ही भारतात राहून संस्थेच्या पाठबळाशिवाय तो कसा केला, त्यांच्याच महोत्सवात पाठवावासा का वाटतो आणि शुल्कात सूट मिळेल का. पत्राच्या खाली स्क्रीनरचा, म्हणजे निवडकर्त्यांना पाहण्यासाठी ठेवलेल्या प्रतीचा, दुवा द्यावा. परिस्थितीचे रडगाणे गाऊ नये आणि एकच मजकूर शंभर ठिकाणी चिकटवू नये. वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळते. मुदतीच्या आदल्या दिवशी असे पत्र पाठवण्यातही अर्थ नाही.

याच संकेतस्थळांवर ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ अशा महोत्सवांचाही सुळसुळाट आहे. नावात एखाद्या मोठ्या युरोपीय शहराचा उल्लेख असतो, पुरस्कार दर महिन्याला जाहीर होतात, विभागांची संख्या शंभराच्या घरात जाते आणि विजेत्याला स्वतःचे मानचिन्ह स्वतःच्या पैशाने विकत घ्यावे लागते. चित्रपट प्रत्यक्ष कोणत्या सभागृहात, किती वाजता दाखवला जाणार हे विचारले, की उत्तर येत नाही. मागच्या वर्षीची छापील किंवा किमान पीडीएफ स्वरूपातली कार्यक्रमपत्रिका मागावी. खऱ्या महोत्सवाकडे ती असतेच. निवड किंवा पुरस्कार मिळाल्याची खूण म्हणून पोस्टरवर छापतात त्या पानांच्या माळा जितक्या जास्त, तितका चित्रपट मोठा, हा समज जाणकारांमध्ये उलटा चालतो. अनोळखी वीस माळांनी भरलेले पोस्टर पाहून निवडकर्ता सावध होतो.

स्क्रीनर आणि सोबतची कागदपत्रे

निवड समितीतला माणूस दिवसाला कित्येक चित्रपट पाहतो आणि त्यातले बरेचसे लॅपटॉपवर. हे मनात धरून सगळी तयारी करावी. विमिओवर परवलीच्या शब्दाने बंद केलेला दुवा हा सर्वांत रुळलेला मार्ग आहे. तिथे दुवा न बदलता फाइल बदलता येते, त्यामुळे रंगांत किंवा सबटायटलांत दुरुस्ती झाली तरी आधी पाठवलेल्या प्रवेशिका खोट्या पडत नाहीत. परवलीचा शब्द मध्येच कधीही बदलू नये. चित्रपटाच्या सुरुवातीला संस्थांची बोधचिन्हे आणि आभार वीस सेकंद चालत असतील, तर ते सगळे शेवटी न्यावे.

लांबीविषयी एक कटू गोष्ट सांगावी लागते. स्पर्धेतला एक कार्यक्रम साधारण सव्वा ते दीड तासाचा असतो आणि त्यात आठ-दहा चित्रपट बसवायचे असतात. अठरा मिनिटांचा चित्रपट घ्यायचा म्हणजे इतर दोघांना नाकारायचे, असा हिशेब निवडकर्त्याला करावाच लागतो. सात मिनिटांचा चित्रपट त्याला सहज कोठेही बसवता येतो. याचा अर्थ चित्रपट तोडावा असा नाही, पण ज्या दृश्यात तुमचे तीन महिने गेले म्हणूनच केवळ ते राहिले आहे, त्याच्याकडे एकदा परक्याच्या नजरेने पाहावे.

कथासार तीन मापांत लिहून ठेवावे: एका वाक्याचे, साधारण ५० शब्दांचे आणि १५० शब्दांचे. कार्यक्रमपत्रिकेत जे छापले जाईल ते बहुधा मधले असेल, म्हणून त्यावर सर्वाधिक मेहनत घ्यावी. सोबत चित्रपटातली चार-पाच छापण्याजोगी स्थिरचित्रे, दिग्दर्शकाचा परिचय आणि छायाचित्र, तांत्रिक माहितीचा एक तक्ता आणि वेळेच्या नोंदींसह संपूर्ण संवादसूची असावी. स्थिरचित्रांपैकी एक तरी असे हवे, जे टपाल तिकिटाएवढे लहान छापले तरी ओळखू येईल. नावाच्या रोमन स्पेलिंगकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे एकाच आडनावाची तीन स्पेलिंगे सर्रास चालतात. श्रेयनामावलीत एक, प्रवेशिकेत दुसरे आणि पारपत्रावर तिसरे असले, की पुढे निमंत्रणपत्राच्या वेळी घोडे अडते. शीर्षकात ‘ळ’ असेल, तर त्याचे रोमन रूप एकदाच ठरवावे आणि तेच सगळीकडे वापरावे. इंग्रजी शीर्षक शब्दशः भाषांतराने न काढता स्वतंत्रपणे शोधावे.

सबटायटल

मराठी संवाद असलेल्या चित्रपटाचे नशीब परदेशात सबटायटलांवर ठरते, आणि आपण ते काम शेवटच्या रात्री, इंग्रजी बरे असलेल्या मित्राकडून फुकट करून घेतो. माझ्या एका चित्रपटात आजी दारातून निघताना नातीला म्हणते, “येते हं.” त्यानंतर ती परत येत नाही. मित्राने त्या ओळीचे ‘मी येत आहे’ अशा अर्थाचे इंग्रजी केले होते. एका परदेशी निवडकर्तीने नंतर विचारले, की आजी येणार होती, मग शेवटच्या दृश्यात ती कोठे गेली? निरोप घेताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावे, ही आपल्या घरातली रीत तिला कळणार कशी? त्या एका ओळीवर चित्रपटाचा सारा शेवट उभा होता. आम्ही खूप खटपट करून, निरोपही वाटेल आणि परत येण्याचे वचनही वाटेल, अशी दोन-तीन शब्दांची इंग्रजी ओळ शोधली. तेव्हापासून मी सबटायटले मराठी न येणाऱ्या माणसाला दाखवतो आणि त्याला चित्रपटाची गोष्ट सांगायला लावतो.

एका वेळी दोनच ओळी, आणि एका ओळीत चाळिसेक अक्षरे, एवढेच वाचकाला झेपते. अ‍ॅनिमेशनमध्ये तर ही मर्यादा अधिक कडक पाळावी, कारण प्रेक्षकाने शब्द वाचण्यापेक्षा तुम्ही काढलेले चित्र पाहावे अशी तुमची इच्छा असते. “पान वाढलंय, चला” यातले केळीचे पान पडद्यावर दिसत असेल तर ते शब्दांत आणण्याची गरज नाही. चौकटीच्या तळाशी महत्त्वाचे काही रेखाटले असेल तर ते अक्षरांखाली झाकले जाते. ही गोष्ट खरे तर मांडणी करतानाच लक्षात घ्यायची. सबटायटले चित्रावर कायमची छापलेली एक प्रत आणि ती नसलेली एक प्रत, अशा दोन्ही ठेवाव्यात, आणि मजकूर एसआरटी फाइलमध्ये, म्हणजे वेळेच्या नोंदी असलेल्या साध्या मजकूर-फाइलमध्ये, वेगळा ठेवावा. फ्रान्समधला महोत्सव बहुधा फ्रेंच सबटायटले मागतो, आणि तेव्हा हीच फाइल भाषांतरकाराकडे जाते.

डीसीपी

चित्रपटगृहातल्या प्रक्षेपकावर चालते ती डीसीपी. ही एकच फाइल नसते. तिच्यात जेपीईजी २००० पद्धतीने दाबलेली चित्रे, वेगळा ध्वनी आणि त्यांची सांगड घालणाऱ्या छोट्या फाइली असतात. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर वापरून ती घरच्या संगणकावर तयार करता येते, आणि लहान लघुपटासाठी प्रयोगशाळेला पैसे मोजण्याआधी हे करून पाहावे. २के मध्ये, म्हणजे सुमारे दोन हजार ठिपके रुंदीच्या चित्रात, दोनच प्रमाणे सहसा चालतात: फ्लॅट या नेहमीच्या रुंदीच्या चौकटीसाठी १९९८ गुणिले १०८० ठिपके आणि स्कोप या अधिक रुंद, बुटक्या चौकटीसाठी २०४८ गुणिले ८५८. आपला नेहमीचा १९२० गुणिले १०८० चा चित्रपट फ्लॅटमध्ये दोन्ही बाजूंना बारीक काळ्या पट्ट्या ठेवून बसतो. तो ताणून पूर्ण रुंदी भरण्याचा मोह टाळावा, नाहीतर तुमची गोल पात्रे लंबगोल होतील.

सगळ्यांत जास्त घोळ चौकटींच्या वेगात होतो. दूरचित्रवाणीच्या सवयीने आपल्याकडे अनेकजण सेकंदाला २५ चौकटींवर काम करतात, तर चित्रपटगृहाचा मूळ वेग २४ चा आहे. २५ चा दहा मिनिटांचा चित्रपट २४ वर चालवला, की तो दहा मिनिटे २५ सेकंदांचा होतो आणि स्वर जाडसर होतात. गाणे असेल तर ते उतरलेले लगेच कानाला जाणवते. उपाय एकच, तो म्हणजे पहिले रेखाटन करण्यापूर्वीच २४ ठरवणे. दर दुसऱ्या चौकटीला नवे चित्र, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे, हा हिशेबही २४ वरच सुटसुटीत बसतो.

घरच्या पडद्यावर छान दिसणारी रात्रीची दृश्ये चित्रपटगृहात बुडून जातात, हा अनुभव जवळजवळ प्रत्येकाला येतो. ओळखीच्या एखाद्या एकपडदा चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाला विनंती करून सकाळच्या पहिल्या खेळाआधी दहा मिनिटे मागावीत. मी एकदा असे केले, तेव्हा प्रक्षेपकाच्या खोलीतल्या काकांनी फाइल यंत्रात चढवताना पहिला प्रश्न विचारला, “नाव काय ठेवलंय हिचं? इथे सगळ्यांची नावं सारखीच दिसतात.” त्यांचे बरोबर होते. डीसीपीच्या नावात चित्रपटाचे शीर्षक, लघुपट असल्याची खूण, फ्लॅट की स्कोप, बोलीभाषा आणि सबटायटलांची भाषा, एवढे सगळे ठरलेल्या क्रमाने आलेले असते, आणि ते वाचूनच अनोळखी शहरातला प्रक्षेपक चालवणारा माणूस योग्य फाइल लावतो. त्या दहा मिनिटांत माझ्या चित्रपटातल्या विहिरीचे दृश्य संपूर्ण काळे निघाले, आणि आम्ही घरी येऊन ते दोन पायऱ्या उजळ केले.

संगीताचे हक्क आणि प्रमाणपत्र

संगीताचे हक्क लेखी घ्यावेत, मित्राचे असले तरी. केवळ महोत्सवांपुरते हक्क घेणे स्वस्त पडते, पण उद्या एखाद्या वाहिनीने चित्रपट विकत मागितला तर पुन्हा बोलणी करावी लागतात. तेव्हाची रक्कम आत्ताच कागदावर ठरवून ठेवणे बरे. आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे, की अभंग जुना म्हणजे मोफत. तुकारामांच्या शब्दांवर कोणाचाही हक्क नाही, हे खरे. मात्र त्यांना दिलेली विसाव्या शतकातली चाल ही संगीतकाराची असते आणि तिचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रिकेचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे. १९७० मध्ये निघालेली ध्वनिमुद्रिका त्यामुळे २०३० संपेपर्यंत परवानगीशिवाय वापरता येत नाही. दळताना म्हटलेली पारंपरिक ओवी गावातल्या बाईंकडून तुम्ही स्वतः ध्वनिमुद्रित केलीत, तर त्यांना मानधन द्यावे, त्यांची लेखी संमती घ्यावी आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव ठळकपणे लिहावे.

भारतातल्या महोत्सवांसाठी केंद्र सरकारकडून सेन्सॉरची सूट मिळते आणि ती व्यवस्था महोत्सवच करतो. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी मात्र सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र लागते, आणि ते १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या ज्या वर्षात मिळाले असेल त्या वर्षाच्या पुरस्कारांसाठी चित्रपट धरला जातो. प्रमाणपत्राचा अर्ज डिसेंबरात करणे टाळावे.

निवड झाल्यावर

नकार जास्त येतील. एक साधा तक्ता ठेवावा: महोत्सव, पाठवल्याची तारीख, शुल्क, पहिल्या खेळाची अट, उत्तर. पहिल्या पंधरा प्रवेशिकांना एकही होकार आला नाही, तर पुढच्या पंधरा पाठवण्याआधी थांबून स्क्रीनर, सबटायटल आणि यादी तिन्ही पुन्हा तपासावीत. बहुतेक वेळा चूक यादीत सापडते.

होकार आला, की त्याच दिवशी उत्तर द्यावे, आणि जाहीर करण्याची परवानगी कधीपासून आहे ते विचारावे. प्रवास आणि राहण्याची सोय करता का, हेही विचारावे. स्पर्धेतल्या दिग्दर्शकाला काही दिवसांचे निवासस्थान बरेच महोत्सव देतात, विमानाचे भाडे क्वचित. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि मे-जूनमध्ये भेटीच्या वेळा मिळेनाशा होतात, तेव्हा निमंत्रणपत्र हाती येताच नोंदणी करावी. पत्रातले नाव पारपत्रावरच्या नावाशी, वडिलांच्या नावासकट, अक्षरशः जुळले पाहिजे. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमाही लागतो. आन्सीला जायचे असेल तर जवळचा मोठा विमानतळ स्वित्झर्लंडमधले जिनिव्हा हा आहे.

आन्सीला खेळ सुरू होण्याआधी प्रेक्षक कागदी विमाने करून पडद्याच्या दिशेने भिरकावतात, आणि चित्रपटात ससा दिसला की सभागृह फ्रेंचमध्ये ‘ससा’ म्हणून ओरडते. पहिल्यांदा गेलेल्याला हे चमत्कारिक वाटते. ती मंडळी गंभीरपणेच पाहत असतात, याची खात्री खेळानंतरच्या प्रश्नांमध्ये होते. तुम्हाला मंचावर दोन मिनिटे मिळतील; गोष्ट पुन्हा सांगण्यापेक्षा चित्रपट कशाने काढला, कोणत्या कागदावर, कोणत्या रंगांनी, हे सांगावे. अ‍ॅनिमेशनच्या लोकांना त्यातच रस असतो. खिशात दुव्याचे छोटे कार्ड ठेवावे आणि इतरांचे चित्रपट पाहायला जरूर बसावे. पुढच्या महोत्सवाचे निमंत्रण बहुतेकदा शेजारच्या खुर्चीवरून येते.

ऑस्करच्या पात्रतेचे मुख्य मार्ग दोन: त्यांच्या यादीतल्या एखाद्या महोत्सवातला विशिष्ट पुरस्कार किंवा अमेरिकेतल्या ठरलेल्या शहरात सलग सात दिवसांचे प्रदर्शन. चित्रपट श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपेक्षा मोठा नसावा. पात्र ठरलेल्या साऱ्या चित्रपटांतून १५ निवडले जातात आणि त्यांतून पाचांना नामांकन मिळते. एवढे लक्षात ठेवून बाकीचा विचार पात्रता मिळाल्यावरच करावा.

दोन वर्षे सरली, की चित्रपट खुला करावा. त्याआधी फ्रान्समधल्या आर्टेसारख्या, लघुपटांना वेळ देणाऱ्या वाहिन्यांना एकदा विचारून घ्यावे, कारण फुकट उपलब्ध असलेली वस्तू कोणी विकत घेत नाही. आंतरजालावर चढवताना मराठी आणि इंग्रजी, दोन्ही सबटायटले द्यावीत. मराठी बोलणाऱ्या कर्णबधिर प्रेक्षकांचा विचार आपल्याकडे फार कमी होतो. मूळ फाइली, सबटायटल नसलेली प्रत, ध्वनीचे सुटे थर आणि डीसीपी यांच्या दोन हार्ड डिस्का कराव्यात आणि दुसरी वेगळ्या गावात ठेवावी. माझी साताऱ्याला मामांच्या लोखंडी कपाटात, पितळी भांड्यांच्या मागे आहे, आणि दर दिवाळीला गेलो की ती एकदा संगणकाला जोडून पाहतो.